युद्धपट आणि मोठा पडदा

युद्धपटांच्या बाबतीत एक विसंगती सहज ध्यानात येते. ज्या घटनेच्या वाऱ्यालाही उभे राहू नये असे प्रत्येक शहाण्या माणसास वाटते, तीच घटना पडद्यावर पाहण्यासाठी लोक पदरचे पैसे खर्चून रांगेत उभे राहतात. इतकेच नव्हे, तर एकदा पाहिलेला, शेवट पाठ असलेला चित्रपट वीस-तीस वर्षांनी पुन्हा चित्रगृहात आला, तर मुलाबाळांना बरोबर घेऊन पुन्हा जातात. हे आकर्षण केवळ तोफांच्या धडधडाटाचे असते तर ते केव्हाच ओसरले असते. कारण धडधडाट निर्माण करण्याची साधने सतत सुधारत गेली आहेत आणि जुन्या चित्रपटांतील स्फोट आजच्या प्रेक्षकास फटाक्यांसारखे वाटण्याचा संभव आहे. तरीही १९३०, १९३७ किंवा १९६२ सालचे काही युद्धपट टिकून राहिले आहेत. ते कशाच्या बळावर टिकले हे समजून घ्यावयाचे, तर ते कोठे आणि कसे पाहिले गेले याचा विचार करावा लागतो.

चित्रगृहातील युद्धपट हा एकट्याने पाहावयाचा प्रकार नव्हे, ही गोष्ट बहुधा सर्वांत आधी त्याच्या शत्रूंनी ओळखली. एरिख मारिया रेमार्क या जर्मन लेखकाची पहिल्या महायुद्धावरील कादंबरी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि जर्मनीत तिच्या लाखो प्रती खपल्या. तिच्यावर आधारलेला ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ हा ल्युइस माइलस्टोन यांनी दिग्दर्शित केलेला अमेरिकन बोलपट डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनमध्ये दाखविला जाऊ लागला, तेव्हा गोबेल्स यांच्या नेतृत्वाखाली नाझी कार्यकर्ते चित्रगृहात घुसले. त्यांनी दुर्गंधी पसरविणाऱ्या कुप्या फोडल्या, पांढरे उंदीर सोडले आणि खेळ बंद पाडला. पुढे आठवडाभरातच चित्रपटावर जर्मनीत बंदी आली. पुस्तक त्या वेळी दुकानांत उघडपणे विकले जात होते. त्याची होळी १९३३ मध्ये, नाझी सत्तेवर आल्यानंतर झाली. घरी बसून पुस्तक वाचणारा वाचक एकटा असतो. अंधारात शेजारी शेजारी बसलेले शेकडो लोक एकाच क्षणी स्तब्ध होतात, तेव्हा प्रत्येकाला आपल्या मनातील भावना इतरांच्याही मनात आहे याची साक्ष पटते. नाझींना भीती वाटली असेल ती या साक्षीची.

त्या चित्रपटात भिण्यासारखे होते तरी काय? मास्तरांच्या आवेशपूर्ण भाषणाने भारावून सैन्यात गेलेल्या शाळकरी मुलांची ती कथा आहे. तिच्यातील एका हल्ल्याच्या दृश्यात कॅमेरा खंदकाला समांतर सरकत जातो आणि त्याच्या सरकण्याच्याच वेगाने धावत येणारे सैनिक यंत्रबंदुकीच्या माऱ्यात एकामागून एक कोसळतात. विळ्याने कापणी चालावी तसा हा प्रकार दिसतो. मूळ बोलपटात या मरणाला वीररसाचा रंग चढविणारे पार्श्वसंगीत नाही. (नायकाची भूमिका करणारे ल्यू एअर्स यांनी दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार दिला आणि पॅसिफिक आघाडीवर जखमींच्या शुश्रूषेचे काम केले. नटांच्या बाबतीत भूमिकेचा असा परिणाम क्वचितच पाहावयास मिळतो.)

आता पडद्याच्या आकाराविषयी. चित्रपटांची नेहमीची फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीची असे. १९५० च्या सुमारास अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघर पोहोचली आणि चित्रगृहे ओस पडू लागली. प्रेक्षकांना परत आणण्यासाठी निर्मात्यांनी रुंद पडद्याच्या निरनिराळ्या पद्धती शोधून काढल्या. १९५३ मध्ये सिनेमास्कोप आला आणि त्यापाठोपाठ ७० मिलिमीटरची फिल्म आली. या फिल्मवरील प्रत्येक चित्राचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या सुमारे साडेतीनपट असते. त्यामुळे तेच चित्र प्रचंड पडद्यावर पसरले तरी विरत नाही आणि दूरवरची बारीक वस्तूही रेखीव राहते. हा शोध व्यापाऱ्यांनी गल्ल्यासाठी लावला होता हे विसरता कामा नये. पण एखाद्या दिग्दर्शकाच्या हाती तो पडताच त्याचा अर्थ पालटला.

डेव्हिड लीन यांचा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) हे याचे सर्वोत्तम उदाहरण होय. पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध झालेल्या अरबांच्या उठावाची ही कथा. आरंभीच्या एका प्रसंगात लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या वाळवंटातील एका विहिरीपाशी थांबलेले असतात. क्षितिजावर मृगजळ थरथरत असते. त्या थरथरीत एक काळा ठिपका उमटतो. तो ठिपका आहे की भास, हे प्रेक्षकाला कळत नाही. लांब पल्ल्याच्या भिंगातून छायाचित्रकार फ्रेडी यंग तो ठिपका आपल्यापुढे हळूहळू वाढू देतात. तो उंट होतो, उंटावरचा स्वार होतो आणि मग एक गोळी सुटते. वाटाडा मरतो. त्याचा अपराध एवढाच, की दुसऱ्या टोळीच्या विहिरीचे पाणी तो प्यायला. मोठ्या पडद्यावर प्रेक्षक तो ठिपका आपल्या डोळ्यांनी शोधतो, वाटाड्याबरोबर तोही संभ्रमात पडतो. घरच्या छोट्या पडद्यावर शोधण्यासारखे काही उरत नाही. अचानक एक स्वार येतो आणि गोळी झाडतो, एवढेच दिसते.

याच चित्रपटात आणखी एक ठिपका आहे आणि भारतीय वाचकांना तो जवळचा वाटावा, कारण गासिम नावाच्या त्या अरबाची भूमिका आय. एस. जोहर यांनी केली आहे. नफूद वाळवंट ओलांडताना गासिम उंटावरून पडून मागे राहतो. त्याचे मरण विधिलिखित आहे असे सारे म्हणतात. लॉरेन्स मात्र एकटा मागे फिरतो. वाळवंटाच्या कडेला एक पोरगा उंटावर बसून वाट पाहत राहतो. अखेर क्षितिजावर एक कण हलतो आणि पाहणाऱ्याचा रोखलेला श्वास सुटतो. परंतु चित्रपट येथे थांबत नाही. पुढे अकाबावरील हल्ल्याच्या आधी हाच गासिम दुसऱ्या टोळीतील एकाचा खून करतो. सूडाची परंपरा सुरू होऊन टोळ्यांची एकी मोडू नये म्हणून, कोणत्याच टोळीचा नसलेला लॉरेन्स त्याला स्वतःच्या हाताने गोळ्या घालतो. ही गोष्ट आपल्याला आवडली, हे त्याच्या मनाला अधिक छळते. आपल्या वरिष्ठांपुढे तो तशी कबुली देतो. वाळवंटातून जिवंत परत आलेला तो कण ज्याने मनापासून आनंदाने पाहिला, त्यालाच या गोळ्यांचा खरा आघात बसतो.

भव्यतेमुळे युद्धाचे उदात्तीकरण होते असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खोटा नाही. ऊन्हात चमकणाऱ्या तलवारी, एका चालीने निघालेले घोडदळ, फडकणारी निशाणे ही डोळ्यांना सुंदरच दिसतात. दिग्दर्शकाचा हेतू कितीही निर्मळ असला तरी दिसतात. आपल्याकडे लोंगेवालाच्या लढाईवरील ‘बॉर्डर’ (१९९७) पाहताना टाळ्या आणि शिट्ट्या ऐकू येत, त्यात शोकापेक्षा आवेशच अधिक असे. या आक्षेपाला पुरते उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल, की ज्या चित्रपटांत माणूस पडद्यावर सतत मोठा दिसतो ते आवेश वाढवितात, आणि ज्यांत तो अधूनमधून ठिपक्याएवढा होतो ते विचारात पाडतात.

‘लॉरेन्स’चा पहिला खेळ लंडनमध्ये १० डिसेंबर १९६२ रोजी झाला. त्या वेळी हिमालयातील युद्धबंदीला जेमतेम तीन आठवडे झाले होते. चीनविरुद्धच्या त्या युद्धात भारताच्या वाट्याला पराभव आला होता. लडाखमध्ये रेझांग ला येथे १८ नोव्हेंबरला मेजर शैतानसिंग आणि त्यांच्या कुमाऊँ तुकडीतील जवळजवळ सर्व जवान धारातीर्थी पडले होते. दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये, चेतन आनंद यांनी ‘हकीकत’ प्रदर्शित केला. पराभवाची जखम ओली असताना राष्ट्राने आपल्या माघारीकडे पडद्यावर पाहावे, ही मागणी सोपी नव्हती. बलराज साहनी, धर्मेंद्र आणि जयंत यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट लडाखमध्ये जाऊन चित्रित केला गेला. त्यात उणिवा आहेत: प्रेमकथा ओढूनताणून आणल्यासारखी वाटते आणि शत्रूचे चित्रण ढोबळ आहे. पण उघड्या डोंगरउतारांवरून मागे सरकणारी माणसांची लहानशी रांग दिसते, तेव्हा या उणिवा मागे पडतात. चित्रपट कृष्णधवल आहे. त्याला ७० मिलिमीटरची श्रीमंती लाभलेली नाही. तरीही डोंगर आणि माणूस यांचे प्रमाण त्यात अचूक उतरले आहे. वाट तुटलेल्या जवानांना घर आठवते त्या प्रसंगीचे कैफी आझमी यांचे गीत मदन मोहन यांनी महंमद रफी, तलत महमूद, मन्ना डे आणि भूपिंदर या चौघांकडून गाऊन घेतले. आकाशवाणीवर ते विरहगीत म्हणून ऐकले गेले. चित्रगृहात मात्र त्या चार आवाजांभोवतीचा बर्फही दिसतो.

दूरचित्रवाणीने या चित्रपटांना नवे प्रेक्षक मिळवून दिले हे मान्य केले पाहिजे. खेड्यापाड्यांतील कितीतरी लोकांनी ते अन्यथा पाहिलेच नसते. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. जुन्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा जवळजवळ चौकोनी असे. रुंद चित्र त्यात पूर्ण उंचीने बसवावयाचे तर ‘लॉरेन्स’सारख्या चित्रपटाचा सुमारे ४० टक्के भाग कडेने छाटला जाई, म्हणजे नेमके ते रिकामे वाळवंटच जाई. मूळ चित्रपटालाही निर्मात्यांनी पूर्वीच कात्री लावली होती. १९८९ मध्ये हरवलेले तुकडे शोधून, काही संवाद नटांकडून पुन्हा बोलवून घेऊन आणि खुद्द लीन यांच्या देखरेखीखाली तो पुन्हा जुळविण्यात आला व मोठ्या पडद्यावर आला. ‘हकीकत’ची पुनरुज्जीवित प्रत २०२३ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आली, त्याच मालिकेत ‘श्यामची आई’ही होता.

झाँ रन्वार यांच्या ‘ला ग्रांद इल्युझियाँ’ (१९३७) या फ्रेंच चित्रपटाच्या मूळ निगेटिव्हचा प्रवास याहून विलक्षण आहे. जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीची ही कथा. तिच्यात लढाईचे दृश्य जवळजवळ नाहीच. रन्वार स्वतः पहिल्या महायुद्धात वैमानिक होते आणि नायकाच्या अंगावर त्यांनी आपलाच जुना गणवेश चढविला होता. गोबेल्स यांनी या चित्रपटावरही बंदी घातली. फ्रान्स पडल्यावर निगेटिव्ह बर्लिनला नेण्यात आली, १९४५ नंतर तेथून ती मॉस्कोला गेली आणि पुढे देवघेवीत फ्रान्समधील तुलूझच्या संग्रहालयात येऊन पडली. ती मूळ प्रत आहे हे तेथेही अनेक वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही. १९९० नंतर ती ओळखू आली आणि तिच्यावरून काढलेल्या स्वच्छ प्रती चित्रगृहांत पोहोचल्या.

त्या प्रतींत शेवटचे दृश्य आता पुरते स्पष्ट दिसते. छावणीतून निसटलेले दोन फ्रेंच सैनिक बर्फातून स्वित्झर्लंडकडे चालले आहेत. जर्मन गस्तीची तुकडी त्यांच्यावर बंदुका रोखते. मग तिच्यातील एक जण सांगतो, की ते सीमा ओलांडून गेले, आता गोळी झाडू नका. बर्फात सीमेची रेघ कोठेच दिसत नाही. बंदुका खाली येतात आणि दरीच्या पांढऱ्या विस्तारात दोन काळे ठिपके गुडघाभर बर्फ तुडवीत पुढे सरकत राहतात.