पोथीचा हात

मुलांना सरस्वती काढायला सांगितली की ती चेहऱ्यापासून सुरुवात करतात. टपोरे डोळे, नथ, मुकुट यांतच कागद भरतो आणि चार हात कसेबसे कोंबले जातात. चित्रकला शिकवताना मी त्यांना आधी हात काढायला लावते. आपल्या देवी ओळखू येतात त्या हातांतल्या वस्तूंवरून.

आपल्या डोळ्यांपुढची सरस्वती बहुधा राजा रविवर्म्याची, १८९६ सालची. दोन हात वीणेवर, एकात जपमाळ, एकात पोथी, जवळ मोर. रविवर्म्याच्या छापखान्याने, आधी मुंबईत आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला, देवादिकांच्या तसबिरी छापून घरोघर पोचवल्या. वीणा ठसठशीत, म्हणून मुलं ती हौसेने रंगवतात. दूध आणि पाणी वेगळं करणारा हंसही त्यांना ठाऊक असतो. पोथी मात्र राहून जाते, आणि ते मला खपत नाही.

कारण मथुरेची सरस्वती. तिथल्या कंकाली टीला या टेकाडावर सापडलेली ही जैन मूर्ती आता लखनौच्या संग्रहालयात आहे. कालोल्लेख कोरलेल्या सरस्वतीच्या मूर्तींत हीच सर्वांत जुनी मानतात. लेखात त्या वेळच्या कालगणनेचं ५४ वं वर्ष आहे; ते साधारण इ. स. १३२ मानतात. मूर्तीला डोकं उरलेलं नाही. वीणा नाही, हंस नाही, मोरही नाही. देवी उकिडवी बसली आहे आणि डाव्या हातात पोथी आहे. लेखात तिचं नाव आहेच, शिवाय मूर्ती देणाऱ्याचंही: गोव, धातुकाम करणारा कारागीर. भट्टीपुढे राबणाऱ्या माणसाने पोथी धरलेली देवी घडवून घ्यावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. विद्या ठरावीक घरांचीच, असं सांगणाऱ्यांना मी या गोवाचं नाव सांगते.

दसऱ्याला आपण पाटीवर सरस्वती काढतो ती १ च्या आकड्यांची. तिला चेहरा नाही, हातही नाहीत. म्हणून तिच्यापुढे खरी वह्यापुस्तकं मांडतो, हळद-कुंकू, झेंडू आणि आपट्याची पानं वाहतो. मोठ्यांना ही पाटी मुलांचा खेळ वाटते. मला ती देव्हाऱ्यातल्या तसबिरीइतकीच पुरी वाटते. त्याच सणात कारागीर आपली हत्यारं धुऊन-पुसून मांडतात आणि त्यांनाही तेच हळद-कुंकू, तोच झेंडू वाहतात.