समुद्रावरचं विमान आणि दहावीनंतरचं गणित

गटाच्या बैठकांना गेलो की एक प्रश्न हमखास येतो: "पोरगी हुशार आहे, पण पुढं तिला काय करू द्यायचं?" नर्स, शिक्षिका, पोलीस ही नावं आपल्याला ठाऊक असतात. आज एका वेगळ्या कामाची माहिती घेऊ या. नौदलाचं विमान चालवणाऱ्या बाईचं काम.

नौदल म्हणजे समुद्रावरची सेना. तिच्याकडे जहाजं असतात, तशी स्वतःची विमानं आणि हेलिकॉप्टरंही असतात. आपल्या नौदलात विमान चालवणारी पहिली महिला म्हणजे शिवांगी. ती बिहारमधल्या मुजफ्फरपूरची. वडील शाळेत शिक्षक, आई घर सांभाळणारी. लहानपणी ती आजोळी असताना तिथं एका पुढाऱ्याचं हेलिकॉप्टर उतरलं. सारा गाव पुढाऱ्याला बघायला लोटला, हिचं लक्ष मात्र ते चालवणाऱ्याकडे गेलं. पुढं तिनं इंजिनिअरिंग केलं आणि २०१८ साली ती नौदलात अधिकारी झाली. २ डिसेंबर २०१९ ला कोचीला तिच्या छातीवर वैमानिकाचे सोनेरी पंख लागले.

हे पंख मिळण्याआधी शिकावं काय लागतं? आधी केरळात एझिमला इथं नौदलाच्या अकादमीत अधिकारी होण्याचं शिक्षण. मग हैदराबादजवळ दुंडिगलला हवाई दलाच्या अकादमीत लहान विमानावर उड्डाणाचे धडे. त्यानंतर कोचीला डॉर्नियर या विमानाचं शिक्षण. डॉर्नियर हे दोन इंजिनांचं, पंख्यांवर चालणारं विमान. आपल्या देशातच, कानपूरला तयार होतं.

समुद्रावर विमान चालवणं जमिनीवरच्यापेक्षा अवघड का? जमिनीवर रस्ता, नदी, डोंगर, गावातले दिवे बघून आपण कुठं आहोत ते कळतं. समुद्रावर खाली पाणी आणि वर आभाळ. रात्री किंवा धुक्यात दोन्ही एकच होऊन जातात. फुगडी घालून थांबल्यावर कसं होतं, आठवा. आपण उभ्या असतो, पण अंगण फिरतच राहतं. कानाच्या आत एक द्रव असतो, त्यावरून शरीराला तोल कळतो. तो द्रव लगेच थांबत नाही, म्हणून असं वाटतं. विमानातही शरीर असंच फसवतं. विमान वळत असताना ते सरळ चाललंय असं वाटू शकतं. म्हणून वैमानिकाला पहिल्यापासून शिकवतात, की अंगाला काय वाटतंय त्यावर जाऊ नको, समोरचे काटे आणि आकडे काय सांगतात ते बघ. अशा वेळी स्वतःच्या मनापेक्षा आकड्यावर विश्वास ठेवायला फार सराव लागतो.

डॉर्नियरचं मुख्य काम राखणीचं. समुद्रात कुठली होडी कुठं चाललीय, अनोळखी जहाज आलंय का, यावर रडारनं नजर ठेवायची. कुणी समुद्रात अडकलं तर शोध घ्यायचा. २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे समुद्रातून होडीनं आले होते, हे आपण विसरलेलो नाही. कोकणच्या आपल्या ज्या मैत्रिणींचे घरधनी मासेमारीला जातात, त्यांना ही राखण किती मोलाची ते वेगळं सांगायला नको.

हे काम एकट्या वैमानिकाचं नसतं. विमान चालवणाऱ्यांबरोबर रडार आणि इतर यंत्रं बघणारे, शोधाची दिशा ठरवणारे अधिकारी असतात. त्यांना निरीक्षक म्हणतात. नौदलात हे काम महिला २००९ पासून करत आहेत, म्हणजे वैमानिक होण्याच्या दहा वर्षं आधीपासून. ३ ऑगस्ट २०२२ ला गुजरातमधल्या पोरबंदरहून एक डॉर्नियर अरबी समुद्रावर टेहळणीला गेलं. त्यात पाच अधिकारी होत्या आणि पाचही महिला. मोहिमेच्या प्रमुख होत्या आंचल शर्मा. विमान चालवत होत्या शिवांगी आणि अपूर्वा गीते. यंत्रांवर होत्या पूजा पांडा आणि पूजा शेखावत.

अजून एक दार नुकतंच उघडलंय. ३ जुलै २०२५ ला विशाखापट्टणमला आस्था पूनिया हिला पंख मिळाले. नौदलाच्या लढाऊ विमानांच्या शाखेत निवडलेली ती पहिली महिला. नौदलाची लढाऊ विमानं जहाजावरूनही उडतात. आपलं विक्रांत हे जहाज २६२ मीटर लांब आहे. साध्या धावपट्टीपुढं हे काहीच नाही. म्हणून जहाजाचं पुढचं टोक वर उचललेलं असतं, त्यावरून विमान हवेत झेपावतं. उतरताना विमानाच्या शेपटीखालचा आकडा जहाजावर आडव्या ताणलेल्या जाड तारेत अडकवावा लागतो, तेव्हा ते थांबतं. तार हुकली तर त्याच वेगात पुन्हा उडायचं. या उड्डाणाचा आणि उतरण्याचा सराव गोव्यात होतो. तिथं दाबोळीला नौदलाच्या हंसा तळावर जमिनीवरच तशी सोय केलेली आहे.

आता आपल्या घरातलं बघू. या वाटेवरचं पहिलं वळण दहावीनंतर येतं. वैमानिक व्हायचं तर अकरावी-बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागतंच. "मुलीला कशाला एवढं अवघड?" म्हणून आपण तिथंच विषय बदलला, तर हे दार तिच्यासाठी सोळाव्या वर्षीच बंद होतं, आणि तिला ते कळतही नाही. विषय घेतले असतील तर दोन वाटा आहेत. एक, बारावीवर पुण्याजवळच्या खडकवासल्याची एनडीए. तिथं २०२२ पासून मुलींना प्रवेश मिळतो. दुसरी, शिवांगीसारखी, पदवीनंतरची. एनडीएची तयारी करून घेणारी, मुलींसाठीची शासनाची संस्था नाशिकला आहे. तिथं दहावीनंतर प्रवेश परीक्षा आणि मुलाखत घेऊन मुली निवडतात.

निवडीत नजर, उंची, रंग ओळखणं हे सगळं कसून तपासतात. सगळ्याच मुली त्यात बसणार नाहीत. पण गणित-विज्ञान घेतलेली मुलगी वैमानिक झाली नाही, तरी इंजिनिअर, तंत्रज्ञ, नौदलातली अग्निवीर अशा कितीतरी वाटा तिला मोकळ्या राहतात. घेतलेला विषय वाया जात नाही.

पुढच्या बैठकीत एवढं करा. आपल्या गटात कुणाच्या मुली यंदा आठवी ते दहावीत आहेत, त्यांची यादी करा. त्यांना गणित शिकवायला गावात कोण आहे, ते विचारा. आणि जवळच्या ज्या कॉलेजात विज्ञान शाखा आहे, तिथं मुली जाणार कशा, एसटीची वेळ जुळते का, हे बघा. पुष्कळदा मुलीचं शिक्षण मार्कांपेक्षा एसटीपाशी अडतं. एसटीची वेळ बदलून मागायला गटानं मिळून आगारात अर्ज दिला, तर तो एकटीच्या अर्जापेक्षा जड ठरतो.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.