रात्री श्वास घेणारी फुलझाडे

आषाढी एकादशीची वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुरातील यात्रा पांगली, पावसाचे दोनचार सडाके पडून भिंतींत मुरलेला उन्हाळा निवला, की बजाजनगरातील एखाद्या गल्लीत तिन्हीसांजेनंतर घरोघर निरोप जातो, “काकू, आज आमच्याकडे ब्रह्मकमळ उमलणार आहे, बघायला या हं.” मग दहाच्या सुमारास गॅलरीतल्या त्या एका कुंडीभोवती आयाबाया जमतात, हळदकुंकू वाहिले जाते, निरांजन ओवाळले जाते, आणि मध्यरात्री दुसऱ्या पाळीहून परतलेला एखादा कामगारही जेवणाचा डबा हातात तसाच धरून त्या ओंजळीएवढ्या शुभ्र फुलापुढे क्षणभर स्तब्ध उभा राहतो. पहाटे फूल मान टाकते. 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आश्रयाने ही वसाहत वाढली. मराठवाडा, खानदेश, विदर्भ अशा नाना मुलखांतून पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांना एका उंबरठ्यावर आणण्याचे सामर्थ्य ज्या थोड्या गोष्टींत आहे, त्यांत या फुलाची गणना मी निःसंकोच करीन.

हिमालयात उंचावर उगवणारे आणि उत्तराखंडाचे राज्यपुष्प म्हणून मान पावलेले खरे ब्रह्मकमळ निराळे. ते सूर्यफुलाच्या कुळातले. आपल्या कुंडीतील वनस्पती मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील अरण्यांची असून ती जातीने निवडुंग आहे, आणि आपण ज्यांना तिची पाने म्हणतो ती वस्तुतः चपटी झालेली खोडे आहेत. नाव उसने असले म्हणून त्यापुढील भाव खोटा ठरत नाही. परंतु हे झाड मातीत न वाढता मोठ्या वृक्षांच्या खांद्यांवर, पालापाचोळ्याच्या मूठभर आधाराने वाढणारे आहे, ही गोष्ट ज्याला घरात फुले फुलवावयाची आहेत त्याने विसरता कामा नये. कारण फांदीवरचे पाणी तासाभरात निथळून जाते, आणि म्हणून सावलीत राहणे व दोन पावसांमधील कोरड सोसणे या दोन्ही विद्या त्याला उपजतच अवगत आहेत.

आता याच गॅलरीतील दुसरी कुंडी पाहा. डिसेंबरात रोपवाटिकेतून मोठ्या हौसेने आणलेले, जांभळ्या फुलांनी डवरलेले आफ्रिकन व्हायोलेट मार्चअखेर कळ्या टाकू लागते, आणि एप्रिलात त्याची मखमली पाने कडांपासून करपतात. माझ्याकडे अशा दोन कुंड्या एकाच उन्हाळ्यात गेल्या, आणि पाणी घालण्यात माझीच काही कसूर झाली असे मी दीर्घकाळ समजत होतो. 1892 साली वाल्टर फॉन सेंट पॉल-इलेअर या जर्मन अंमलदाराला हे झाड पूर्व आफ्रिकेतील उसांबारा डोंगरांच्या दमट, छायामय खडकांवर आढळले, एवढे वाचले तेव्हा उलगडा झाला. आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंचावर असले तरी मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि दुपारची हवा इतकी शुष्क होते की दोरीवरचे ओले धोतर पाहता पाहता खडखडीत वाळते. अशा हवेत पाने ओल राखण्यासाठी आपली सूक्ष्म रंध्रे मिटून घेतात. रंध्रे मिटली की हवेतील कर्बवायू आत येत नाही, आणि तो आला नाही की प्रकाश मुबलक असूनही साखर तयार होत नाही. वनस्पतीचाही एक जमाखर्च असतो. दिवसाचा वसूल असा घटलेला, आणि रात्रही उष्ण असल्यामुळे श्वसनाचा खर्च वाढलेला; मग फुलासाठी शिल्लक राहावी कोठून? झाड प्रथम कळीचा खर्च तोडते. ती कळी गळताना पाहून आपण आणखी पाणी ओततो, आणि मुळेही कुजवतो.

ब्रह्मकमळाने या पेचावर शोधलेला तोडगा मला सृष्टीतील अत्यंत सुंदर योजनांपैकी एक वाटतो. ते दिवसा रंध्रे मिटून ठेवते आणि रात्री, हवा निवल्यावर, उघडते. रात्री घेतलेला कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवून ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी दार बंद ठेवूनच उजेडाच्या साहाय्याने त्याची साखर करते. या रहस्याची एक जुनी चाहूल हिंदुस्थानातच लागली. मद्रास इलाख्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत असलेल्या बेंजामिन हेन या वनस्पतिज्ञाने, आपल्याकडे कुंपणाकाठी उगवणाऱ्या पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते, दुपारी बेचव होते व सायंकाळी किंचित कडवट लागते असे कळवले. त्याचे ते पत्र 1815 साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथमालेत छापले गेले. आंबटपणाचे कारण पुढे शतकभराहून अधिक काळाने उमगले, पण रात्री साठवून दिवसा खर्चणाऱ्या वनस्पतींचा तो एक जुना लेखी दाखला होय.

रोपवाटिकेत लाल, केशरी, पिवळ्या गुच्छांनी लक्ष वेधणारे कलांचो हे याच पानफुटीचे भावंड. पानफुटीप्रमाणे तेही मूळचे मादागास्करचे, तेही रात्री श्वास घेणारे. म्हणून ते आपला उन्हाळा तगून राहते. मात्र दुसऱ्या वर्षी ते फुलत नाही अशी तक्रार मी अनेक घरांत ऐकली आहे. शेवंतीप्रमाणेच कलांचोला कळी धरण्यासाठी दीर्घ आणि अखंड रात्र लागते. येथे जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरात अकरा तासांच्या आत असतो. तेव्हा दसऱ्यानंतर निसर्ग त्या झाडाला हवी तशी रात्र देऊ लागतो, पण आपल्या वसाहतीत कोणी पहिल्या पाळीसाठी पहाटे उठतो, कोणी दुसरीहून मध्यरात्री येतो, आणि बैठकीतली ट्यूबलाइट त्या रात्रीचे तुकडे करते. दिवाळीच्या आगेमागे महिना-दीड महिना ही कुंडी संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत काळोख्या खोलीत ठेवावी व दिवसा परत उजेडात आणावी. नव्या वर्षाच्या आरंभी गुच्छ येतात.

उजेडाच्या बाबतीत आपले डोळे आपल्याला फसवतात. भर दुपारी अंगणात लाखभर लक्स प्रकाश असतो, तर खिडकीपासून चार हात आत तो काही शेकड्यांवर उतरतो, आणि तरीही खोली आपल्याला उजळच भासते. फुलझाड तेथे जगते, पण फुलत नाही. शिवाय आपले गाव विषुववृत्तापासून सुमारे वीस अंश उत्तरेला असल्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि तेव्हापासून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत तो किंचित उत्तरेकडूनच जातो. म्हणजे वर्षभर शीतल वाटणारी उत्तरेची खिडकी नेमक्या जूनमध्ये ऊन घेते, आणि हिवाळ्यात कोवळ्या उन्हाची खरी जागा दक्षिणेची असते. कुंड्या ऋतूप्रमाणे हलवण्याची मुभा ज्याने स्वतःला ठेवली, त्याचे निम्मे काम झाले. पश्चिमेच्या गॅलरीला मात्र मार्च ते जून हिरव्या जाळीचा आडोसा केल्यावाचून गत्यंतर नाही. अपवाद मोगऱ्याचा, ज्याला तेच ऊन मानवते आणि जो ऐन वैशाखात घर सुगंधाने भरतो.

मातीविषयी माझे मत निश्चित आहे. शेतात सोने पिकवणारी आपली काळी माती कुंडीत घालू नये. ती ओली झाली की फुगते व मुळांचा श्वास कोंडते, वाळली की भेगाळते आणि पाणी कडेने निसटून जाते. लाल माती, कोकोपीट, गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड एवढे पुरे. ब्रह्मकमळासाठी त्यात विटांचे बारीक खडे सढळ हाताने मिसळावेत आणि कुंडी लहानच ठेवावी. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर जमतो, तो क्षारांचा. जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी तर त्याहून खारट, ते काटकसरीच्या सद्हेतूनेही कुंडीत ओतू नये. उलट वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षाररहित असते. कूलर ही मराठवाड्याच्या उन्हाळ्यातील संजीवनी आहे, माणसांना तशीच झाडांनाही: अँथुरियमची कुंडी कूलरच्या झोताबाहेर, पण त्याच खोलीत ठेवली, तर त्या दमट हवेत ती मे महिना निभावते. पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्याने पुसावा. औषध फवारण्याची वेळ क्वचितच येते.

ज्यांच्या घरी ब्रह्मकमळ आहे त्यांना एक विनंती. पाऊस सुरू झाला की त्याचे वीतभर लांबीचे एक ‘पान’ कापावे, जखम भरून यावी म्हणून चारपाच दिवस सावलीत कोरडे ठेवावे, आणि मग ज्याच्या घरी फूल पाहण्यास तुम्ही कधी गेला नाही अशा शेजाऱ्याच्या हाती द्यावे. महिनाभरात ते मूळ धरते, आणि दोनतीन वर्षांत त्याच्याही घरून निरोप येतो.