बेल्ट गेला डस्टबिनमध्ये!

कल्पना करा, तुम्ही बॉक्सिंगचे हेवीवेट जगज्जेते आहात. महिन्याभरापूर्वीच तीन संघटनांचे तीन बेल्ट जिंकलेत. आता तुम्ही लंडनमध्ये पत्रकारांसमोर आहात, कॅमेरे रोखलेले आहेत, आणि त्या तीनपैकी एक बेल्ट उचलून तुम्ही सरळ डस्टबिनमध्ये टाकता.

१४ डिसेंबर १९९२ रोजी रिडिक बो या अमेरिकन बॉक्सरने नेमकं हेच केलं. मीम हा शब्द आपल्याकडे यायच्या कितीतरी आधीचं हे मीम. बॉक्सिंगवाल्यांना मात्र त्यात हसू येत नाही. कारण त्या बेल्टसोबत एक अख्खी लढत कचऱ्यात गेली. रिडिक बो विरुद्ध लेनॉक्स लुईस. नव्वदच्या दशकातले दोन तगडे हेवीवेट, दोघेही जगज्जेते, दोघेही सहा फूट पाच इंच, आणि व्यावसायिक रिंगमध्ये ते एकमेकांसमोर कधी उभेच राहिले नाहीत.

खरं तर ते एकदा भिडले होते. १९८८, सोल ऑलिंपिक, सुपर हेवीवेटची फायनल. लुईस जन्माने लंडनचा, पण बाराव्या वर्षी आईकडे कॅनडात गेलेला, त्यामुळे जर्सी कॅनडाची. बो न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल वस्तीतला. माइक टायसनही तिथलाच! दुसऱ्या राउंडला लुईसने ठोशांचा असा मारा केला की रेफरीने लढत थांबवली. लुईसला सुवर्ण, बोला रौप्य. बो दमाचा नाही, मार पडला की खचतो, अशी कुजबुज तेव्हापासून त्याच्या मागे लागली.

आता इथे जरा थांबा आणि एक गोष्ट लक्षात घ्या. ऑलिंपिकमध्ये बोला ‘मी लुईसशी लढणार नाही’ म्हणायची सोयच नव्हती. ड्रॉ निघतो, समोर जो येईल त्याच्याशी लढायचं. आपल्या महाराष्ट्र केसरीचंच घ्या ना. माती विभागातून एक जिंकून येतो, गादी विभागातून एक येतो आणि गदेसाठी दोघांची कुस्ती लागते. मातीवाल्याने ‘आधी माझी रक्कम ठरवा, मग लंगोट बांधतो’ म्हटलं तर? मैदानातले लोक त्याला घरी जाऊ देतील का?

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हे रोज चालतं. तिथे ड्रॉ नाही, सेमी-फायनल नाही. बॉक्सर, त्याचा मॅनेजर, प्रमोटर आणि टीव्ही चॅनेल एका टेबलावर बसून एकमत झालं, तरच लढत. त्यात डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, आयबीएफ अशा वेगवेगळ्या संघटना, प्रत्येकीचा बेल्ट वेगळा, जगज्जेता वेगळा. म्हणजे एकाच वजनी गटात एकाच वेळी तीन-चार ‘जगज्जेते’ सुखाने नांदू शकतात. या संघटनांच्या हातात एकच दोरी असते : विजेत्याने ठरावीक काळात त्यांच्या अव्वल आव्हानवीराशी लढलंच पाहिजे. नाही लढलास, तर बेल्ट परत.

१९९२च्या अखेरीस ही दोरी चांगली ताणली गेली होती. ठरलं असं होतं, की इव्हँडर होलिफिल्ड विरुद्ध बो आणि लुईस विरुद्ध रेझर रडॉक या दोन लढती होतील आणि त्यांचे विजेते एकमेकांशी लढतील. म्हणजे बिननावाच्या सेमी-फायनलच. ३१ ऑक्टोबरला लंडनमध्ये लुईसने रडॉकला दुसऱ्याच राउंडमध्ये झोपवलं. १३ नोव्हेंबरला लास वेगासमध्ये बोने होलिफिल्डला बारा राउंडनंतर गुणांवर हरवलं. या लढतीचा दहावा राउंड शोधून बघा. सबमिशन तोंडावर असलं तरी बघा, तीन मिनिटांचंच काम आहे. दमाचा नाही म्हणणाऱ्यांना बोने त्या रात्री उत्तर दिलं होतं.

मग काय, फायनल ठरली? छे! टेबलावर पैसे आले. त्या वेळी चर्चेत असलेला आकडा ३ कोटी २० लाख डॉलरचा होता. बोचे मॅनेजर रॉक न्यूमन यांनी वाटणी सुचवली ९०-१०. नव्वद टक्के आमचे, दहा तुमचे. क्रिकेट वर्ल्ड कपच्या फायनलआधी एका कॅप्टनने टॉसऐवजी कॅल्क्युलेटर काढावा, तसं झालं हे. ज्याला ऑलिंपिकमध्ये हरवलं, त्याच्याकडून दहा टक्के घ्यायला लुईस थोडाच तयार होणार? त्याच्या गोटाने नकार दिला. एकदा विश्वास उडाला की पुढचे प्रस्तावही कुणी सरळ नजरेने वाचत नाही.

इकडे डब्ल्यूबीसीचा तगादा सुरूच : लुईसशी लढ. आता डस्टबिनचं गणित कळतंय? बोला लुईसशी बांधणारी दोरी म्हणजे तो बेल्टच होता. बेल्ट फेकला, दोरी तुटली! उरलेले दोन बेल्ट शाबूत, जगज्जेतेपद शाबूत. डब्ल्यूबीसीने लुईसला विजेता जाहीर केलं. हेवीवेटचं जगज्जेतेपद ब्रिटनकडे आलं ते एकोणिसाव्या शतकातल्या बॉब फिट्झसिमन्सनंतर पहिल्यांदाच. आणि ते आलं एकही ठोसा न मारता, कागदावर.

‘बो घाबरला’ हे उत्तर तुम्हाला सगळीकडे मिळेल. लुईसचे फॅन तर याच्या पुढे ऐकूनच घेत नाहीत. मला ते अर्धवट वाटतं. जो माणूस होलिफिल्डसमोर बारा राउंड उभा राहिला, तो भित्रा कसा? उलट क्षणभर न्यूमन यांच्या खुर्चीत बसून बघा. तुमचा बॉक्सर जगज्जेता आहे. मायकल डोक्स, जेसी फर्ग्युसन यांच्यासारखे उतरणीला लागलेले किंवा मुळातच कमी ताकदीचे प्रतिस्पर्धी समोर ठेवूनही लाखो डॉलर मिळणार आहेत. (मिळालेही. १९९३मध्ये बोने डोक्सला पहिल्याच आणि फर्ग्युसनला दुसऱ्या राउंडमध्ये संपवलं.) मग ज्याने आपल्याला आधी हरवलंय, त्याच्याशी आत्ताच का लढा? वर्षभर थांबू, लढत आणखी मोठी होईल, पैसा वाढेल. हिशेब म्हणून यात चूक काढणं अवघड आहे.

फक्त या हिशेबात एक गोष्ट धरलेली नसते : मधल्या काळात दोघांपैकी कुणीच हरायचं नाही!

६ नोव्हेंबर १९९३. होलिफिल्डशी दुसरी लढत, सातवा राउंड, आणि आकाशातून एक माणूस मोटर लावलेल्या पॅराशूटने थेट रिंगच्या दोरांवर येऊन आदळला. खोटं नाही, व्हिडिओ आहे. लढत वीसेक मिनिटं थांबली. शेवटी बो गुणांवर हरला आणि उरलेले दोन्ही बेल्ट गेले. पुढच्या वर्षी बो-लुईस लढतीची चर्चा पुन्हा रंगली, तर २४ सप्टेंबर १९९४ला लंडनमध्येच ऑलिव्हर मॅकॉलने दुसऱ्या राउंडमध्ये लुईसला आडवा केला. वाढून ठेवलेलं ताट दुसऱ्यांदा उचललं गेलं.

बोने १९९५मध्ये होलिफिल्डला तिसऱ्या लढतीत हरवलं खरं, पण तोवर त्याचं शरीर सुटायला लागलं होतं. जुलै १९९६मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो पोलंडच्या आंद्रे गोलोटासमोर उतरला तेव्हा वजन ११४ किलोच्या आसपास, होलिफिल्डला पहिल्यांदा हरवलं त्या रात्रीपेक्षा सात-आठ किलो जास्त. गोलोटाने त्याला भरपूर मारलं, पण कमरेखाली ठोसे मारत राहिल्याने तो बाद झाला. मग रिंगमध्ये दंगलच. बोच्या गोटातल्या एकाने गोलोटाच्या डोक्यात वॉकी-टॉकी घातला. डिसेंबरमध्ये पुन्हा तीच जोडी, तोच मार, तोच कमरेखालचा ठोसा आणि तोच निकाल. रेकॉर्डवर दोन्ही वेळा जिंकला बो. पण त्या दुसऱ्या लढतीनंतर त्याचं बोलणं अडखळू लागल्याचं टीव्हीवर सगळ्यांनी ऐकलं. पुढे त्याने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा तो जेमतेम २९ वर्षांचा होता. अनेक वर्षांनी तो परतला, पण हेवीवेटच्या मोठ्या लढतींपर्यंत पुन्हा पोहोचला नाही.

गोलोटाशी ती दुसरी लढत झाली ती तारीख होती १४ डिसेंबर. लंडनच्या त्या डस्टबिनला बरोबर चार वर्षं झाली होती.

दहा महिन्यांनी गोलोटा लुईससमोर उभा राहिला. लुईसने त्याला पहिल्याच राउंडमध्ये, दोन मिनिटांच्या आत संपवलं. नंतर त्याने १९९९मध्ये होलिफिल्डला आणि २००२मध्ये टायसनला हरवलं आणि २००४मध्ये जगज्जेता असतानाच हातमोजे काढले. व्यावसायिक रिंगमध्ये जे जे त्याच्यासमोर आले, त्या प्रत्येकाला त्याने कधी ना कधी हरवलं. त्या यादीत बोचं नाव नाही. ते बघायचं तर सोलच्या त्या दोन राउंडचा जुना, धूसर व्हिडिओच लावावा लागतो.