परसातल्या फुलांचा हदिया

ईद असो, अकीका असो की कुणाची इयादत, रिकाम्या हाताने जायचे नाही ही आपल्या घरांची रीत. मिठाई न्यावी तर त्या घरात कुणाला तरी साखरेचे पथ्य असते. बाजारातला गुच्छ न्यावा तर त्यात प्लॅस्टिक आणि चमकीच जास्त. म्हणून आम्ही दोन वर्षांपासून घरचीच फुले नेतो. बाग म्हणजे काय, तर परसातले चार वाफे आणि गच्चीवरच्या दहा-बारा कुंड्या.

सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची एक रिवायत आहे. कुणी सुगंधी फूल किंवा रोप, म्हणजे रैहान, देऊ केले तर परत करू नये. त्याचे ओझे नसते आणि वास छान असतो, असा तिचा आशय. ही रिवायत आम्हाला ठाऊक होती. पण तिचा खरा अर्थ एका चुकीनंतर उमगला.

शेजारच्या खाला ऑपरेशन होऊन घरी आल्या तेव्हा आम्ही निशिगंधाच्या डझनभर काड्या फुलदाणीत घालून मोठ्या हौसेने नेल्या. खोली लहान, खिडकी बंद. निशिगंधाचा वास रात्री आणखी वाढतो, हे आमच्या ध्यानातच आले नाही. खालांनी फुले उशाशी ठेवून घेतली, आम्हाला दुआ दिली आणि रात्रभर डोके धरून बसल्या. आठवड्याने त्यांच्या सुनेने हे हळूच सांगितले तेव्हा आम्ही ओशाळलो. घेणाऱ्याने परत करायचे नाही, तर विचार देणाऱ्यानेच करायला हवा ना!

तेव्हापासून आजाऱ्याकडे नेतो ती झिनिया, शेवंती किंवा मंद वासाचे दोन-तीन गुलाब. चाफा नाही, आमच्या गावी तो कबरस्तानात फुलतो आणि वडीलधाऱ्यांना तो पाहून नको ते आठवते. कण्हेर तर कुणाच्याच घरी नाही, कारण ती सगळीच्या सगळी विषारी आणि घरात लहान मुले असतात. जास्वंद दिसते देखणी, पण एका दिवसात मिटते.

फुले फज्रच्या नमाजनंतर लगेच तोडावीत. रात्रीच्या गारव्याने देठ पाण्याने भरलेले असतात. उन्हात तोडलेले फूल दुपारपर्यंत मान टाकते. गुलाब पूर्ण उमललेला नको. बाहेरच्या पाकळ्या नुकत्या सैल झालेला घ्यावा. निशिगंधाची खालची दोन-तीन फुले उमलली की काडी तोडायची, वरच्या कळ्या फुलदाणीत उमलतात. झिनियाची गंमत वेगळी. फुलाखाली वीतभर अंतरावर देठ धरून हलवावा. तो ताठ राहिला तर फूल तयार. लवला तर अजून दोन दिवस झाडावर राहू द्यावे.

बागेत जाताना पाण्याची बादली सोबतच न्यावी. कात्री बोथट असेल तर देठ चेंगरतो आणि पाणी वर चढत नाही, म्हणून धारदार सुरीने तिरका काप द्यावा. पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. ती कुजली की पाणी घाण होते आणि देठाचे तोंड बंद होते. झेंडूच्या बाबतीत हे विसरलात तर दुसऱ्या दिवशी खोलीत उभे राहवत नाही! मग फुले दोन-तीन तास सावलीत खोल पाण्यात ठेवायची आणि नंतरच रचायची.

फुलदाणी महागडी हवी असे नाही. आम्ही लोणच्याची रिकामी काचेची बरणी घासून घेतो. मात्र फुले द्यायची ती भांड्यासकटच. ईदच्या सकाळी शीरखुर्मा ढवळणाऱ्या भाभीला फुलांसाठी भांडे शोधायला लावायचे, हा कसला हदिया? फुलांची उंची बरणीच्या दीडपट ठेवली की ती कलंडत नाहीत. रचताना आम्ही आधी कढीपत्त्याच्या किंवा मेंदीच्या डहाळ्या घालतो. त्यांच्या आधाराने फुले जागची हलत नाहीत. रिक्षातून नेताना पाणी अर्धेच ठेवावे, उरलेले तिथे गेल्यावर घालावे.

देताना दोन गोष्टी सांगून याव्यात. पाणी रोज बदला आणि बरणी पंख्याखाली किंवा फळांच्या टोपलीशेजारी ठेवू नका. पिकणाऱ्या केळ्या-आंब्यांतून जो वायू निघतो त्याने फुले लवकर कोमेजतात.

खालांकडे आम्ही पुन्हा गेलो ते सात झिनिया घेऊन. त्यांनी बरणी खिडकीत ठेवली. फुले आठवडाभर टिकली. नंतर बरणी परत आली ती रिकामी नव्हती. तळाशी कागदाच्या पुडीत सब्ज्याचे बी होते आणि सुनेकरवी निरोप होता: "पावसाच्या आधी पेरा, आणि पुढच्या वेळी त्याचीच एक डहाळी आणा."