फुकेतच्या किनाऱ्यावर घर घेताना

धंद्यातला नफा थायलंडच्या फुकेत बेटावर गुंतवा, सुट्टीत राहा, एरवी भाडे घ्या, असे सांगणारे दलाल आपल्या व्यापारी बांधवांनाही भेटतात. बयाणा देण्याआधी तिथला कायदा पाहावा.

परदेशी माणसाला तिथे जमीन सहसा स्वतःच्या नावे घेता येत नाही. ‘बंगला’ म्हणून दाखवतात त्याखालची जमीन बहुधा 30 वर्षांच्या पट्ट्याची असते. ‘नंतर आणखी 30’ हा निव्वळ शब्द. त्या मुदतीची नोंद आज होत नाही. स्थानिक माणसाच्या नावावर घेऊन देतो म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवावे.

फ्लॅट मात्र मालकीने मिळतो. नोंदणीकृत कॉन्डोमिनियममधील 49 टक्क्यांपर्यंत क्षेत्र परदेशीयांना घेता येते. पैसा परकीय चलनात बँकेमार्फत आल्याचा पुरावा लागतो. म्हणजे हवाल्याने पाठवलेली रक्कम इथे गुन्हा, तिथे निरुपयोगी. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत भारतातील रहिवाशाला आर्थिक वर्षात माणशी 2,50,000 डॉलर पाठवता येतात.

आता ‘हमखास भाडे’. इमारत उभी नाही, खोलीत कुणी राहो न राहो, भरलेल्या रकमेवर ठरीव टक्के मिळणार, तर ते भाडे कसले? व्याजाचाच वास येतो; करारनामा मुफ्तीसाहेबांना दाखवावा. शिवाय ही रक्कम पुष्कळदा किमतीतच चढवलेली असते. त्यापेक्षा प्रत्यक्ष आलेले भाडे खर्च वजा जाता वाटून घेण्याचा करार मागावा, आणि हिशेब करताना फुकेतलाही मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो, तेव्हा खोल्या रिकाम्या राहतात, हे धरावे.