सूर्यास्तापूर्वीचा हट्ट

दोन-अडीच वर्षांच्या मुलाचा हट्ट बहुधा सायंकाळीच उफाळतो. दुपारची झोप हुकलेली, पोट रिकामे, आणि घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकण्याची लगबग. वाटी पालथी होते, वरणभात फरशीवर सांडतो, मुलगा लोळण घेतो. दुकानातून जेवणापुरते घरी आलेले वडील घड्याळ पाहून आवाज चढवतात; आजी म्हणते, “लाडावून ठेवलाय त्याला!” वस्तुतः तो थकलेला असतो. भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण विकसित होण्यास वयाची विशी उलटावी लागते. आणि राग सांगण्याइतके शब्द तर अजून त्याच्यापाशी नसतातच.

अशा वेळी समजूतदार आई उपदेश करीत नाही. ती फरशी पुसते, त्याच्याजवळ बसते, मारू पाहणारा चिमुकला हात हळुवार धरते आणि थांबते. चौविहाराचा नियम तिचा आहे, बाळाचा नव्हे, हे ती जाणते. (तिलाही भूक लागली आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही.) उजेड सरतो; तिचे ताट झाकलेलेच राहते. रडण्याचे हुंदके होतात, डोके तिच्या खांद्यावर विसावते. मग दिवा लावून ती त्याला कोमट वरणभात भरवू लागते, एकेक घास.